आठ कोअरचं जनावर

कोल्हापुरात कुठलीही वस्तू घ्यायला माणूस एकटा जात नाही. म्हैस असो, मोटरसायकल असो, नाहीतर पोरीसाठी स्थळ असो, बरोबर एक जाणता लागतोच. एकट्यानं जाऊन परस्पर वस्तू घेऊन आलेल्या माणसाकडे गल्ली संशयानं बघते. ह्याला विचारायला माणूस नव्हतं, की असून ह्यानं विचारलं नाही, आणि दोन्हींतलं वाईट कुठलं, यावर चहाच्या गाड्यावर चर्चा चालते. म्हणून २०१०च्या आषाढात मंगळवार पेठेतला प्रसेनजीत कांबळे संगणकाचा प्रोसेसर आणायला इचलकरंजीला निघाला, तेव्हा बरोबर त्याचे सख्खे मामा आकाराम होते. मामा जनावरांच्या बाजारात दलाली करत. संगणक त्यांनी आजवर फक्त बँकेच्या काचेपलीकडे पाहिला होता.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचं डोकं, हे हल्ली शाळेतली पोरंही सांगतात. प्रसेनजीतला नवं डोकं कशाला हवं होतं, ते मात्र सांगायला हवं. तो इनामदार आर्किटेक्टांच्या ऑफिसात बरीच वर्षं ड्राफ्ट्समन होता. इमारत साहेबांच्या डोक्यातून येते आणि ड्राफ्ट्समन ती नुसती कागदावर उतरवतो, असा एक समज आहे. इनामदारांच्या डोक्यातून गेल्या कित्येक वर्षांत बिलाशिवाय काही आलेलं नव्हतं. शहरातली दोन मंगल कार्यालयं, एक दवाखाना आणि एका पतसंस्थेची बरी दिसणारी इमारत प्रसेनजीतनं काढलेली होती, आणि चारही ठिकाणी दारातल्या संगमरवरी पाटीवर नाव इनामदारांचं होतं. त्याच्यामागून ऑफिसात आलेली पोरं वर्षभरात जोशीसाहेब, घाटगेसाहेब होत. प्रसेनजीत शेवटच्या दिवसापर्यंत ‘आमचा प्रसेनजीत’ राहिला. हे प्रेमानं म्हटलं जायचं, असं सांगणारे सगळे स्वतः साहेब होते.

शेवटी त्यानं नोकरी सोडली. नकाशावर सही करायचा परवाना त्यानं आधीच मिळवला होता. घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून तो बसला, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याचं नशीब उघडायची वेळ आली. एका शिक्षणसंस्थेला मुलींच्या कॉलेजची नवी इमारत बांधायची होती. चेअरमननी रिवाजाप्रमाणे इनामदारांना विचारलं आणि का कुणास ठाऊक, प्रसेनजीतलाही विचारलं. ‘मला कागद कळत नाहीत,’ ते म्हणाले. ‘गेटातून आत शिरल्यापासून गच्चीपर्यंत सगळं पिक्चरसारखं दाखवा. श्रावणात मीटिंग आहे. आवडलं तर काम तुमचं आणि साईटवरच्या बोर्डावर नाव तुमचं.’

बोर्डावर नाव. ‘आर्किटेक्चरल डिझाईन : प्रसेनजीत कृष्णात कांबळे.’ त्यानं ते एकदा कागदावर लिहून बघितलं आणि बायको येताना दिसल्यावर कागद उलटा करून ठेवला. इमारतही त्याच्या मनात तयार होती. तिच्या मधोमध एक रुंद जिना होता. पायऱ्या ठेंगण्या, पसरट आणि मध्ये ऐसपैस टप्पे. तास सुटल्यावर शेकडो पोरी एकदम खाली आल्या तरी कुणी कुणाला ढकलायला नको, आणि दमली तर एखादीनं टप्प्यावर खुशाल बसावं. ह्या जिन्यावर त्याचा इतका जीव जडला होता की रस्त्यानं चालताना दुसऱ्यांचे जिने दिसले की त्याला त्यांची कीव यायची.

पण पिक्चर काढायचं म्हणजे संगणकानं एकेक चित्र रंगवून पूर्ण करायचं, आणि अशी हजारो चित्रं. प्रसेनजीतच्या जुन्या संगणकानं हे काम दिवाळीपर्यंत केलं असतं. म्हणून प्रोसेसर. त्यात दोन वाटा होत्या. एक नवा, चार कोअरचा, म्हणजे एका डोक्यात चार कामकरी, चौघेही तरणे आणि चलाख. दुसरी वाट म्हणजे कुणा मोठ्या कंपनीच्या सर्व्हरमधून, म्हणजे दिवसरात्र चालणाऱ्या थोरल्या संगणकातून, उतरवलेले तीन वर्षं वापरलेले दोन, प्रत्येकी चार कोअरचे. एकूण कामकरी आठ, पण प्रत्येक जण जरा दमानं घेणारा. चित्रं रंगवायला माणसं जास्त असलेली बरी आणि नकाशे काढायला एकच चलाख बरा. प्रसेनजीतला दोन्ही करायचं होतं, त्यामुळे त्याची महिनाभर झोप उडाली.

त्यात गल्लीचा सल्ला. समोरचा बाळासो मोटरी रिवाइंड करून द्यायचा. तो म्हणाला, ‘जुनं घे की. कंपनीचं वाइंडिंग हाय का बघ, आन् एकदा जळाल्यालं न्हाय एवढं बघ.’ वरच्या मजल्यावर राहणारे घरमालक नेमिनाथ मगदूम आजऱ्याहून काजू आणून विकत. ते म्हणाले, ‘प्रसेनजीतराव, तीन वर्षांचा काजू तुम्ही खाल काय?’ प्रसेनजीतनं काजू आणि प्रोसेसर यांतला फरक सांगायला सुरुवात केली, तर ते म्हणाले, माल तो माल. रूपाली, म्हणजे प्रसेनजीतची बायको, हायस्कुलात गणित शिकवायची. तिनं एकच प्रश्न विचारला, ‘जुन्याला गॅरंटी आहे का?’ नव्हती. तिथे विषय संपला. नवा घ्यायचा, असं ठरवूनच प्रसेनजीत एसटीत बसला. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे त्याचं त्यालाही ते खरं वाटेना.

इचलकरंजीत जिनेंद्र नावाच्या तरुणाचं दुकान होतं. बंद पडलेल्या सूतगिरण्यांच्या ऑफिसातले संगणक घेऊन तो ते सुटे करून विकायचा, आणि नवा मालही ठेवायचा. त्यानं काउंटरवर नवा डबाबंद प्रोसेसर ठेवला आणि शेजारी रुमालावर जुने दोन ठेवले. प्रसेनजीत डब्यावरची बारीक अक्षरं वाचू लागला. तेवढ्यात मामांनी जुन्यातला एक उचलला, उलटा केला आणि पोटाकडचे सोनेरी ठिपके उजेडात धरून पाहिले.

‘दात झिजल्यालं न्हाईत,’ मामा म्हणाले. ‘किती वरसाचं हाय?’

‘तीन,’ जिनेंद्र म्हणाला.

‘म्हंजे ऐन उमेदीत हाय की. कुणाच्या दावणीला हुतं?’

दुसरा कुणी दुकानदार असता तर हसला असता. पण जिनेंद्रचे आजोबा बैलांचे शौकीन होते आणि त्याचं लहानपण बाजारात गेलं होतं. तो गंभीरपणे म्हणाला, ‘एकाच मालकाकडं हुतं, काका. एसीत ठेवल्यालं.’ मामांचा चेहरा उजळला. योग्य माणूस भेटल्याचा तो आनंद होता. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि जिनेंद्रच्या हातावर टाकला.

ज्यांनी जनावरांचा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे सौदा तोंडानं होत नाही. दोघांचे हात टॉवेलाखाली जातात आणि बोटं धरून, दाबून, सोडून भाव ठरतो. भोवतीच्या गर्दीला नुसते दोन निर्विकार चेहरे दिसतात. एकदा का हात हातात पक्का दिला की सौदा झाला. मग त्यात मालकाच्या बापालाही बदल करता येत नाही. दिलेला हात मागे घेणाऱ्या दलालाला पुन्हा बाजारात कुणी टॉवेलाखाली हात देत नाही. मामांनी उभ्या हयातीत हात मागे घेतलेला नव्हता.

प्रसेनजीतनं डब्यावरून मान वर केली तेव्हा टॉवेल हलत होता. ‘मामा, थांबा, आपल्याला नवा...’ एवढंच तो म्हणू शकला. टॉवेल थांबला. मामांनी हात बाहेर काढला आणि मिशीवरून फिरवला.

‘दिला हात,’ ते म्हणाले. ‘एकाच्या भावात दोन. बोर्डासकट. भाच्या, नव्या एकाला चारच हायती. ह्ये आठ हायती, आठ.’

ह्या क्षणी प्रसेनजीतनं नाही म्हणायला हवं होतं, असं रूपाली पुढे कितीतरी वेळा म्हणाली. बरोबरच होतं तिचं. पण ज्या माणसानं वडिलांच्या मागे आपल्याला शिकवलं, शहाणं केलं, त्याचा दिलेला हात परक्या दुकानात मोडायचा कसा, हे गणितात बसत नाही. प्रसेनजीतनं जिनेंद्रकडे पाहिलं. जिनेंद्रही जरा ओशाळला होता, पण त्याचाही हात दिलेला होता. दोन शिकलेली माणसं एका टॉवेलापुढे गप्प बसली आणि आठ कोअरचं जनावर कोल्हापूरला आलं.

घरी आल्यावर पहिल्यांदा कळलं की प्रोसेसर ज्यावर बसतात तो सर्व्हरचा बोर्ड संगणकाच्या साध्या डब्यात मावत नाही. तो आडवातिडवा, दांडगा होता. मग डब्याशिवायच, भांड्यांच्या स्टीलच्या मांडणीवर खालच्या फळीवरचे कुकर हलवून त्याची स्थापना झाली. नंतर कळलं की त्याला साधी मेमरी चालत नाही. खास सर्व्हरची लागते, ती कोल्हापुरात मिळत नाही आणि पुण्याहून यायला वेळ लागतो. मेमरी आल्यावर कळलं की यंत्राची पिन घरातल्या साध्या सॉकेटमध्ये बसत नाही. दणकट सॉकेट एकच होतं, ते गिझरचं. त्यामुळे आंघोळ आणि आर्किटेक्चर यांतलं एकच काहीतरी करता येऊ लागलं. रूपाली सकाळच्या शाळेला थंड पाण्यानं आंघोळ करून जाई आणि जाताना मांडणीकडे अशी बघून जाई की प्रसेनजीतला चहा नको वाटे.

शेवटी एकदाचं बटण दाबलं. पंखे फिरू लागले. सर्व्हरचे पंखे बंद खोलीत, माणसांपासून लांब फिरण्यासाठी केलेले असतात. मंगळवार पेठेतल्या दहा बाय बाराच्या खोलीत ते फिरले तेव्हा समोरून बाळासो हातातली मोटर टाकून धावत आला. त्याला वाटलं, आपल्याच दुकानात काहीतरी पेटलं.

आवाजाचं दुःख पचवून प्रसेनजीतनं पडद्यावर पाहिलं. कामकरी चारच दिसत होते. पुन्हा पाहिलं. चारच. दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. संगणक चालवणारी जी प्रणाली त्यात आधीपासून होती ती स्वस्तातली घरगुती आवृत्ती होती. ती एकच प्रोसेसर ओळखायची. दुसरा शेजारीच बसला होता, तापत होता, वीज खात होता, पण तिच्या लेखी तो जन्मलाच नव्हता. अशाच एका प्रणालीत आपणही बरीच वर्षं काम केलं, हे प्रसेनजीतच्या मनात येऊन गेलं आणि त्याला त्या दुसऱ्या प्रोसेसरबद्दल उगाचच माया वाटली.

मामा गावाहून चौकशीला आले. ‘चारच चालत्यात? मग ऱ्हायल्यालं चार भाकड व्हय?’

‘भाकड नाहीत, मामा. त्यांना कुणी ओळखत नाही.’

‘मग वळख करून दे की. हात दिलाय म्या.’

ओळख करून द्यायला मोठी प्रणाली आणावी लागली. तेव्हा कुठे पडद्यावर आठ चौकटी दिसल्या. प्रसेनजीतनं पिक्चर लावलं, आणि आठही चौकटी काठोकाठ भरल्या. यंत्रानं खरंच काम सुरू केलं होतं. त्याच्या पाठीमागून गरम वाऱ्याचा झोत येऊ लागला, आणि तिथून पुढच्या भानगडीला सुरुवात झाली.

कोल्हापूरचा पाऊस आठवडेच्या आठवडे उघडत नाही. घराघरांत दोऱ्यांवर कपडे लोंबत असतात आणि त्यांना कुबट वास येतो. नेमिनाथांच्या आई, अक्काताई, रोज सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजेला जात. त्यांचं पूजेचं लुगडं धुतलेलं, वाळलेलं आणि कुणी न शिवलेलं लागे. आवाज कसला म्हणून त्या खाली डोकवायला आल्या, मांडणीमागे उभ्या राहिल्या आणि त्यांना ती ऊब लागली.

‘प्रसेनबाळ,’ त्या म्हणाल्या, ‘हितं माझं लुगडं घालू काय रे? कुणाचा हात लागू देऊ नकोस, तेवढं बघ.’

कांबळ्यांच्या घरात वाळलेलं लुगडं नेसून अक्काताई बस्तीत जाऊ लागल्या. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. माणसानं माणसाला जवळ करायला पाऊस किती लागतो, याचा हिशोब प्रसेनजीतनं मनातल्या मनात केला आणि सोडून दिला. लुगड्यामागोमाग शेजारच्या शालूबाई नातवाची दुपटी घेऊन आल्या. मग पलीकडच्या गल्लीतल्या बायका आल्या. मग ज्यांना तो ओळखतही नव्हता अशी माणसं ‘ते गरम मशीन हितंच व्हय?’ म्हणत दारात उभी राहू लागली. झोताची वाट अडली की यंत्र तापून बंद पडे. जिन्याचा वरचा टप्पा रंगता रंगता ते तीनदा बंद पडलं, ते दुपट्यांपायी. शालूबाईंना तसं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘एवढं आठ-आठ हायती म्हणं तुमचं, आन् पोराचं दुपटं सोसंना व्हय?’ भारनियमनाची वेळ झाली की गल्लीतल्या बायकाच आधी हळहळत.

कुणीतरी तक्रार केली. नाव कळलं नाही. ज्याचे कपडे वाळायचे राहिले असतील असा कुणीतरी. वीज कार्यालयातून एक साहेब आले. मंगळवार पेठेत घरगुती विजेवर यंत्रमाग चालवला जातो, अशी खबर त्यांना होती.

‘यंत्रमाग नाही, संगणक आहे,’ प्रसेनजीत म्हणाला.

साहेबांनी मांडणीभोवती दोन फेऱ्या मारल्या. ‘संगणक आवाज करत नाही,’ ते म्हणाले. ‘आमच्या ऑफिसात आहे. पाच वर्षांत एक शब्द नाही.’

‘तो चालू असतो का?’

‘तो प्रश्न वेगळा.’ त्यांनी दुपट्यांकडे पाहिलं. ‘आणि हा लाँड्रीचा व्यवसाय तुमचाच?’

अर्ध्या तासाच्या चर्चेनंतर साहेबांनी मन मोठं केलं. त्यांच्याकडच्या छापील यादीत पिठाची गिरणी होती, यंत्रमाग होता, वेल्डिंग होतं आणि बर्फाचा कारखाना होता. ‘ह्यातलं तुम्हाला जवळचं कुठलं वाटतं?’ त्यांनी विचारलं. प्रसेनजीत सांगत राहिला की तो इमारती डिझाईन करतो. साहेबांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, ‘इमारती इनामदारसाहेब करतात. तुम्ही त्यांच्याकडे होता ना?’ शेवटी ‘इतर उद्योग’ यावर तडजोड झाली, पण घरमालकाची संमती आणायची होती. नेमिनाथ टाळाटाळ करू लागले. घरात उद्योग म्हटल्यावर उद्या जागेवर हक्क सांगितला तर काय घ्या. अक्काताई त्यांना म्हणाल्या, ‘माझं लुगडं तू वाळवून देणार हैस काय? न्हाईतर सही कर.’ त्यांनी सही केली. कोल्हापूरच्या त्या आषाढात स्थापत्यकलेला मिळालेला तो एकमेव आश्रय.

आणि ह्या सगळ्यातून पिक्चर पूर्ण झालं. मीटिंगच्या आदल्या दिवशी प्रसेनजीत आणि रूपाली शेजारी शेजारी बसून ते पाहत होते. गेट आलं, झाडं आली, मग जिना. वरून ऊन जिन्यावर पडलं होतं आणि टप्प्यावर एक मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. रूपाली म्हणाली, ‘आमच्या शाळेला असा जिना असता, तर.’ प्रसेनजीतचा मामांवरचा रागही राहिला नव्हता. आठ होते म्हणून झालं, नव्या चारांनी वेळेत केलं नसतं, हे त्यानं प्रामाणिकपणे मान्य केलं आणि मामांना तसा फोनही केला. ती त्याची दुसरी चूक.

कारण सौद्याला एकट्यानं जायचं नसतं. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या दारात मामा धुतलेलं धोतर नेसून, नवा फेटा बांधून उभे होते.

चेअरमनच्या खोलीत संचालक बसले होते, कॉलेजच्या प्राचार्यबाई होत्या. एका बाजूला इनामदार होते, त्यांच्याकडे गुंडाळलेल्या कागदाची नळी होती. प्रसेनजीतनं पिक्चर लावलं. सुरुवातीला मोबाईल वाजत होते, ते थांबले. जिना आला तेव्हा प्राचार्यबाई पुढे सरकून बसल्या. ‘पोरी इथून उठणार नाहीत,’ त्या हळूच म्हणाल्या. पिक्चर संपलं. प्रसेनजीतला आतून कळलं होतं की काम झालं. त्या क्षणी तरी ते झालेलं होतं.

‘वा,’ चेअरमन म्हणाले. ‘हे केलंत कसं काय?’

प्रसेनजीतनं तोंड उघडलं. त्याला जिन्यापासून सुरुवात करायची होती. पण मामा उठून उभे राहिले होते.

बाजारात दलालाची एक रीत असते. जनावराची तारीफ करायची आणि मालकाला खुळा ठरवायचं. मालक खुळा आहे, त्याला आपल्या गोठ्यात काय बांधलंय ते कळत नाही, असं गिऱ्हाइकाला वाटलं की गिऱ्हाईक हरखतं आणि सौदा तुटत नाही. मामांनी ही रीत शेकडो म्हशींवर वापरली होती आणि ती कधी फसली नव्हती. भाच्यासाठी त्यांनी आपलं सगळं कसब पणाला लावलं.

‘सायेब, समदी करणी मशीनची हाय,’ मामा म्हणाले. ‘आठ हायती आत, आठ. दिसरात राबत्यात. ना वैरण, ना पाणी. ह्यो आमचा भाचा नुसता फुडं बसून असतोय. कळ दाबली की झोपतोय. ह्येला तर घ्यायचंच नव्हतं ह्ये. नवीन घेतो म्हणत हुता खुळा. म्या हात दिला म्हणून घरात आलं. खरं सांगतो, काय घिऊन बसलाय त्येची ह्येला अजून किंमत न्हाय.’

संचालक हसले. मोकळेपणानं, आवडल्यासारखे हसले. मामाही हसले, कारण गिऱ्हाईक हसलं की सौदा जवळ आला असं समजतात.

‘आठ प्रोसेसर,’ चेअरमन कौतुकानं म्हणाले. ‘बघा, तुमच्या लोकांनीही हल्ली बरीच प्रगती केली. कम्प्युटर वगैरे.’ मग ते इनामदारांकडे वळले. ‘असं मशीन तुमच्याकडं असतं, तर तुम्हीही असंच दाखवलं असतं की.’

‘अर्थातच,’ इनामदार म्हणाले. ‘शेवटी आमचाच प्रसेनजीत आहे.’

‘साहेब,’ प्रसेनजीत म्हणाला. त्याचा आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा आला. ‘इमारत मी काढलीय.’

‘व्हय की,’ चेअरमन समजुतीनं म्हणाले. ‘मशीनवर.’

पुढचं सगळं फार सौजन्यानं झालं. मोठी इमारत, मोठं ऑफिस हवं, अनुभवी सही हवी. काम इनामदारांकडे राहील, कल्पना मात्र ह्याच ठेवाव्यात, ‘कारण मशीननं चांगल्या काढल्यात.’ पिक्चर भूमिपूजनाला मांडवात लावायचं ठरलं. प्राचार्यबाई काही बोलायला गेल्या, पण तेवढ्यात चहा आला.

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, ‘काम न्हाय दिलं त्येनी. पर मालाला कुणी नाव ठिवलं न्हाय, बघ.’ मग भाच्याचं तोंड बघून त्यांचा चेहरा उतरला. ‘माझं कायतरी चुकलं काय रे? म्या चांगलंच बोललो की.’

प्रसेनजीतला संताप आला होता. इतका, की मामा, मांडणी, आठही कोअर आणि चेअरमन एकाच ट्रकात घालून रंकाळ्यात ढकलावेत. पण नव्या फेट्यातल्या त्या म्हाताऱ्याला तो काय सांगणार? खोलीत बसलेल्या शिकलेल्या माणसांना जे मानायचंच होतं, ते मामांनी त्यांना फक्त सोपं करून दिलं होतं. ‘नाही मामा, तुमचं काही चुकलं नाही,’ तो म्हणाला, आणि त्यांना गावच्या एसटीत बसवून दिलं.

गणपती झाल्यावर साईटवर बोर्ड लागला. त्यावर इनामदारांचं नाव होतं, बांधकाम ठेकेदाराचं होतं, चेअरमनचं तर फोटोसकट होतं. मग एके दिवशी इनामदारांच्या ऑफिसातून घाटगेसाहेबांचा फोन आला. जिन्याचा तपशील जुळत नव्हता. पिक्चरवरून तो त्यांना काढता येईना, तर जरा येऊन सांगून जाशील का? रूपाली म्हणाली, ‘अजिबात जायचं नाही. मशीनला विचारा म्हणावं.’ प्रसेनजीतही तेच म्हणाला. फोन आपटला, अर्धा दिवस पुढच्या खोलीत बसून राहिला, मग काही न सांगता चपला घालून गेला.

तो परत आला तेव्हा रूपाली पोळ्या करत होती. तिनं तव्यावरची पोळी उतरवली आणि गॅस बंद केला.

‘बोर्डावर नाव घालणार आहेत का तुमचं?’

‘नाही.’

‘मग कशाला गेलात?’

‘पायरी उंच धरली होती त्यांनी,’ प्रसेनजीत म्हणाला. ‘गर्दीत पोरी पडल्या असत्या.’

रागवायला रूपालीनं तोंड उघडलं होतं, पण तिला रागवता आलं नाही.

‘आता तरी बरोबर धरली का?’

‘हो,’ तो म्हणाला. ‘माझ्यासमोर खोडायला लावली.’